हसायचं विसरलेलं बाळ: एका माळकरी घरातलं प्रकरण

बाळ आठ महिन्यांचं, मुलगी, वजन सात किलोच्या वर, गाल भरलेले, शेजारच्या बाया म्हणायच्या किती बाळसं धरलंय, आणि तेच बाळ तोंडासमोर टाळी वाजवली तरी बघत नव्हतं. आजीच्या खांद्यावर मान टाकून नुसतं पडलेलं. मी खुळखुळा वाजवला, नावाने हाक मारली, तिची नजर फिरली पण माझ्यापर्यंत आलीच नाही. आजी म्हणाली, "मॅडम, लेकरू सहाव्या महिन्यात टेकू दिला की बसत होतं ओ, आजोबाला बघून खिदळायचं, आता हसायचंच इसरलंय."

उशिरा शिकणं वेगळं आणि शिकलेलं विसरणं वेगळं. दुसरं कानावर पडलं की एक दिवससुद्धा थांबायचं नसतं, हे मला माहीत होतं आणि माझ्या पोटात गोळा आला, कारण ह्या बाळाच्या आईला गरोदरपणाच्या सातव्या महिन्यात मीच आहाराचा चार्ट लिहून दिला होता.

मी आहारतज्ज्ञ आहे, बार्शीच्या बाजूला एका छोट्या दवाखान्यात आठवड्यातून तीन दिवस बसते. हे प्रकरण घरच्यांना विचारून लिहितेय, ओळख पटेल असे दोनचार तपशील बदललेत, आजार आणि उपचाराचं मात्र जसं झालं तसंच आहे. लिहायचं कारण एवढंच की गरोदर बाई, तिच्या खाण्यातली चरबी आणि बाळाचा मेंदू ह्या विषयावर आजकाल सगळे एकच शब्द बोलतात, डीएचए, म्हणजे मेंदूत भरलेली एक ओमेगा-३ चरबी, आणि मीही तेव्हा तेच बोलत बसले.

आधी गरोदरपणातली भेट सांगते. ताई पंचवीस वर्षांच्या, पहिलटकरीण, बारावी झालेल्या, मोबाइलवर भरपूर वाचणाऱ्या. घर माळकरी, सासरे दरवर्षी वारी करणारे, अंडं तर सोडाच पण घरात कांदा-लसूणही एकादशीला नाही. ताईंचा पहिलाच प्रश्न होता, "मॅडम बाळाचा मेंदू हुशार व्हायला काय खाऊ, डीएचएच्या गोळ्या घ्यायच्या का?" चांगला प्रश्न होता आणि मला आवडणारा विषय, मी सुटलेच.

त्यांना जे सांगितलं ते चूक नव्हतं, आजही तसंच सांगेन. आपलं शरीर बऱ्याच चरबी स्वतः बनवतं पण दोन फॅटी अ‍ॅसिड बनवू शकत नाही, लिनोलेइक म्हणजे ओमेगा-६ आणि अल्फा-लिनोलेनिक म्हणजे ओमेगा-३, ती खाण्यातूनच यावी लागतात. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर ह्या नवराबायकोने १९२९-३० मध्ये उंदरांवर हे दाखवलं, खाण्यातली चरबी पूर्ण तोडलेल्या उंदरांची वाढ खुंटली, कातडी खवल्यांची झाली, शेपटी झडायला लागली, तेव्हापासून ह्यांना 'आवश्यक' म्हणतात. मेंदूतलं पाणी सोडलं तर जे उरतं त्यात निम्म्याहून जास्त चरबीच असते. आणि ओमेगा-३ पासून पुढे जे लांब साखळीचं डीएचए बनतं ते मेंदूच्या पेशींच्या आवरणात आणि डोळ्याच्या पडद्यात भरलेलं असतं. पोटातल्या बाळाच्या मेंदूत ते सगळ्यात वेगाने भरतं शेवटच्या तीन महिन्यांत आणि जन्मानंतर पहिली दोन वर्षं, म्हणजे नेमकं आईच्या रक्तातून आणि दुधातून.

आता आपल्याकडची गोम. ताईंच्या घरी पूर्वी करडईचं तेल होतं, मग सूर्यफुलाचं आलं. दोन्हीत ओमेगा-६ भरपूर, करडईत तर शंभरातले पंचाहत्तरच्या आसपास, आणि ओमेगा-३ जवळजवळ नाहीच. शरीरात ही दोन्ही एकाच एन्झाइमच्या दारात रांगेत उभी राहतात, त्यामुळे एकाची गर्दी झाली की दुसऱ्याला आत शिरायला मिळत नाही आणि डीएचए कमी बनतं. तसंही साध्या ओमेगा-३ पासून डीएचए फार थोडंच बनतं, बायकांच्या शरीरात इस्ट्रोजेनमुळे पुरुषांपेक्षा जरा बरं बनतं, पण थोडंच. म्हणून मी लिहून दिलं: जवस भाजून बारीक करून रोज एक मोठा चमचा, साबूत नको कारण साबूत जवस तसंच बाहेर पडतं, तेल आलटूनपालटून सोयाबीन आणि शेंगदाणा, परवडलं तर दोन अक्रोड, आणि शेवाळापासून काढलेलं शाकाहारी डीएचए रोज २०० मिलीग्रॅम. दहा ग्रॅम जवसात साधारण दोन ग्रॅम ओमेगा-३ मिळतं, आणि जवसाची चटणी तर आपल्याकडे घरोघरी होतीच, मध्ये कुठंतरी ताटातून निघून गेली. लोहाच्या आणि फॉलिक अ‍ॅसिडच्या सरकारी लाल गोळ्या ताई नियमित घेत होत्या. मी चार्टवर सही केली आणि मला बरं वाटलं.

मी विचारलं नाही ते एवढंच, की ताई, तुम्ही दूध-दही दिवसाला नक्की किती घेता?

घरी तीन गाई आहेत हे मला माहीत होतं, म्हणून मी गृहीत धरलं. आणि आमच्या भागात हे गृहीत धरणं ही मोठी चूक आहे, कारण गाई घरी असल्या तरी दूध डेअरीच्या संकलनाला जातं, सकाळ-संध्याकाळ किटलीत, महिन्याच्या हप्त्यासाठी, घरात उरतं ते चहापुरतं. सुनेच्या वाट्याला दोन वेळच्या चहातलं मिळून अर्धी वाटी दूध. बी-१२ हे जीवनसत्त्व कुठल्याच भाजीत, डाळीत, धान्यात नसतं, ते मांस-मासे-अंडी नाहीतर दूध-दही-ताक-पनीर ह्यातूनच मिळतं, त्यामुळे माळकरी बाईला दूध हाच एक दरवाजा, आणि तो दरवाजा रोज सकाळी किटलीतून जात होता. सरकारी लाल गोळीत लोह आणि फॉलिक अ‍ॅसिड असतं, बी-१२ नसतं. उलट फॉलिक अ‍ॅसिडमुळे रक्त जरा सुधारलेलं दिसतं आणि बी-१२ ची कमतरता मागे झाकून राहते. ताईंचं हिमोग्लोबिन तेव्हा १०.८ होतं, मी म्हटलं छान आहे.

बाळंतपण नीट झालं, अडतिसाव्या आठवड्यात, बाळ २ किलो ६०० ग्रॅम. बाळंतिणीला आजींनी मनापासून जपलं, हे मुद्दाम सांगते कारण अशा प्रकरणात सासूला दोष द्यायची आपल्याला सवय असते. हळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शेपू, मेथी, तूप, बाजरीची भाकरी, सगळं होतं. हळिवात ओमेगा-३ चांगलं असतं, आपल्या जुन्या बायकांनी ते बाळंतिणीला का द्यायचं ठरवलं असेल ह्याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं आणि आदरही. फक्त दही आणि ताक पहिले चार महिने बंद ठेवलं, थंड पडतं, बाळाला सर्दी होते म्हणून. म्हणजे राहिलेली फटसुद्धा बंद झाली.

बाळाच्या पोटात जन्मताना आईकडून आलेला बी-१२ चा साठा असतो, यकृतात. आईकडेच नसेल तर तो साठा तुटपुंजा, आणि अंगावरच्या दुधातही ते कमीच येतं. त्यामुळे पहिले चारपाच महिने सगळं छान दिसतं, बाळ हसतं, वळतं, वजन वाढतं, कारण दुधातली ताकद पुरेशी असते, आणि मग साठा संपला की हळूहळू दिवा मंद होत जातो. ह्या बाळाचं अगदी तसंच झालं. सहाव्या महिन्यानंतर वरचं खाणं सुरू करायला घेतलं तर जिभेने बाहेर ढकलायची, भात नको, वरण नको, फक्त अंगावर प्यायचं, आणि घरात वाटलं पित्येय ना, मग ठीक. केस भुरकट आणि विरळ झाले. बोटांच्या पेरांवर, हातापायाच्या, काळसर रंग चढला, आजींना वाटलं मळ आहे, त्या रोज डाळीच्या पिठाने घासायच्या. मग बसणं गेलं, मग हसणं गेलं. दृष्ट काढून झाली. कुणीतरी सांगितलं मेंदूचं टॉनिक द्या म्हणून मेडिकलमधून डीएचए लिहिलेली महागडी पावडर आणली, डब्यावर हुशार दिसणाऱ्या बाळाचा फोटो, आणि ताईंनी ती स्वतः दुधाऐवजी पाण्यात कालवून दीड महिना घेतली, कारण मॅडमने डीएचए सांगितलं होतं ना. हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा मला काय वाटलं ते लिहिता येत नाही.

त्याच दिवशी मी त्यांना बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं, स्वतः सोबत गेले. डॉक्टरांनी बाळाची बोटं पाहिली, केस पाहिले, आईला विचारलं मांसाहार करता का, आणि रक्त घ्यायला सांगितलं. बाळाचं हिमोग्लोबिन ७.६, तांबड्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या, प्लेटलेट कमी, आणि बी-१२ इतकं खाली की लॅबने आकडाच दिला नाही, मोजमापाच्या खाली एवढंच लिहिलं. ताईंचं ११२, जिथं किमान दोनशे तरी पाहिजे. मग त्यांना विचारल्यावर कळलं की पायाला मुंग्या वर्षभर येत होत्या, तोंड सारखं यायचं, जीभ लाल गुळगुळीत झाली होती. बाळंतपणाचा अशक्तपणा म्हणून कुणी लक्ष दिलं नव्हतं, मीही नाही.

आता ह्याचा चरबीशी संबंध काय, आणि इथंच माझा डोळा उघडला. मी आपली चरबी वेगळी आणि जीवनसत्त्वं वेगळी अशा दोन रकान्यांत विचार करत होते, शरीर तसं करत नाही. मेंदूतल्या नसांच्या तारांवर मायलिन नावाचं चरबीचं आवरण चढतं, वायरवरच्या प्लास्टिकसारखं, ते असेल तरच संदेश वेगाने जातो. हे आवरण चढायचं काम पहिल्या दोन वर्षांत जोरात चालतं आणि बी-१२ नसेल तर ते अडतं, शिवाय शरीरात मिथाइलमलोनिक आम्ल साठतं आणि आवरणात चुकीच्या बांधणीची फॅटी अ‍ॅसिड शिरतात असं मानलं जातं. म्हणजे विटा आहेत पण गवंडी नाही, आणि जो आहे तो वाकड्या विटा लावतोय.

दुसरी गोष्ट अजून महत्त्वाची. आईच्या यकृतातून डीएचए बाहेर पडतं ते फॉस्फटिडिलकोलीन नावाच्या गाडीत बसून, आणि त्या गाड्यांपैकी डीएचए भरून नेणाऱ्या ज्या असतात त्या बनवायला मिथाइल गट नावाचे छोटे रासायनिक तुकडे लागतात, एकेका गाडीला तीन. हे मिथाइल गट तयार ठेवणाऱ्या चक्रात फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-१२ दोघं जोडीने काम करतात, एक नसला की दुसरा अडकून पडतो. पुण्यात भारती विद्यापीठात डॉ. साधना जोशी ह्यांच्या गटाने बी-१२, फॉलेट म्हणजे फॉलिक अ‍ॅसिडच्या कुळातलं जीवनसत्त्व, आणि डीएचए ह्या तिघांच्या ह्याच नात्यावर बरीच वर्षं काम केलंय. पुढे मेंदूच्या दारावरही डीएचए सुटं घेतलं जात नाही, ते अशाच कोलीनवाल्या रूपात बांधून आलं तर एक खास वाहक प्रथिन त्याला आत ओढतं, हे सिंगापूरच्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं. म्हणजे ताईंनी जवस खाल्लं, गोळी घेतली, पावडर घेतली, आणि माल यकृतात येऊन पडला पण गाड्याच कमी. ह्या एका घरात नेमकं असंच झालं हे मी सिद्ध करू शकत नाही, कुणी ताईंचं यकृत तपासलेलं नाही, पण ज्या बाईचं बी-१२ ११२ आहे तिला मी आधी डीएचएची गोळी लिहून देणं हे उलट्या क्रमाने काम करणं होतं.

आणि हे काही दूर कुठं परदेशात सापडलेलं नव्हतं, पुण्याजवळच्या सहा गावांत सापडलेलं होतं. केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक ह्यांनी १९९३ मध्ये तिथल्या आयांचा अभ्यास सुरू केला, त्यात जवळपास दोनतृतीयांश गरोदर बायांचं बी-१२ कमी निघालं. त्याच मुलांमधली काही नऊ वर्षांची झाल्यावर तपासली तर गरोदरपणात ज्यांच्या आईचं बी-१२ खूप कमी होतं ती मुलं लक्ष टिकवण्याच्या आणि आकडे लक्षात ठेवण्याच्या चाचण्यांत मागे पडली. नंतर त्याच भागात पौगंडावस्थेतल्या मुलामुलींना लग्नाच्या आधीपासूनच दिवसाला फक्त २ मायक्रोग्रॅम बी-१२ देऊन पाहिलं आणि पुढे त्या मुलींची बाळं दोन वर्षांची झाल्यावर आकलनात आणि भाषेत सरस दिसली. दोन मायक्रोग्रॅम म्हणजे मिठाच्या एका कणापेक्षाही कमी. हे सगळं मी कॉलेजात वाचलेलं होतं, ते वेळेवर आठवलं नाही ही गोष्ट मला अजून टोचते.

उपचार सुरू झाले. इंजेक्शनचं नाव काढल्यावर आजोबांनी, ताई त्यांना मामा म्हणतात, अगदी शांतपणे एकच विचारलं, "ह्यात कुठल्या जिवाचं काय न्हाई ना?" डॉक्टरांनी सांगितलं की हे बी-१२ कारखान्यात जंतूंकडून बनवून घेतात, दही लावतो तशा प्रकारे, मांसातून काढत नाहीत. मामा म्हणाले, "मग द्या." तुळशीची माळ आणि बाळाचा मेंदू ह्यात भांडण नाहीच हे मला इथं ठासून सांगायचंय, आपल्याकडे लगेच अंडी खा नाहीतर भोगा असा सूर लावतात आणि माणसं दवाखान्यात यायचीच बंद होतात.

डॉक्टरांनी डोस मुद्दाम कमी ठेवला आणि हळूहळू वाढवला, रक्त चढवायची घाई केली नाही, पोटॅशियमवर लक्ष ठेवलं. तिसऱ्या दिवशी बाळ आईच्या तोंडाकडे टक लावून बघायला लागलं. चौथ्या दिवशी वाटीतलं दोन चमचे पातळ वरण प्यायलं. आणि पाचव्या दिवशी सकाळी तिची हनुवटी आणि दोन्ही हात थरथरायला लागले, झोपली की थांबायचं, जागी झाली की परत. घरात हलकल्लोळ. बाळाच्या बापाचा फोन आला, इंजेक्शनने झालंय, बंद करतोय आम्ही. बी-१२ सुरू केल्यावर काही बाळांना काही दिवस असा कंप येतो, तो जातो, इंजेक्शन थांबवायचं नसतं, पण डॉक्टरांना दाखवायचंच असतं. डॉक्टरांनी हे आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून बरं, नाहीतर त्या दिवशी हे प्रकरण तिथंच संपलं असतं. मी दुपारी त्यांच्या घरी जाऊन बसले. कंप अडीच आठवडे राहिला, मग कमी होत होत गेला.

हसू परत आलं ते नवव्या दिवशी. मामा पंढरीच्या वारीतले टाळ घेऊन समोर बसले होते, एकदा वाजवला, आणि ती हसली, आवाज करून. ताईंनी मला व्हिडिओ पाठवला, त्यात टाळापेक्षा आजींचं रडणंच जास्त ऐकू येतं.

मग आईचं ताट नव्याने मांडलं. ताईंनाही इंजेक्शनचा कोर्स झाला आणि नंतर गोळी कायमची चालू, कारण नुसत्या दुधाने भरून निघण्यापलीकडे गेलं होतं. मामांनी स्वतः ठरवलं की संध्याकाळच्या धारेतलं एक लिटर डेअरीला जाणार नाही. त्यातून ताईंना दोन कप दूध, जास्त वेळ उकळत न ठेवलेलं, आणि दुपारी वाटीभर ताजं दही, थंडीचं काय असं आजींनी विचारलं तर मी म्हटलं आजी दही कोमट भातात कालवून द्या, ते त्यांना पटलं. जवस, सोयाबीन तेल, हळीव हे सगळं तसंच ठेवलं. शाकाहारी डीएचएही चालू ठेवलं, कारण जगभरात आईच्या दुधात डीएचए सरासरी चरबीच्या ०.३२ टक्के असतं आणि ते आईच्या खाण्याप्रमाणे खूप कमीजास्त होतं, आणि नुसतं जवस खाऊन दुधातलं डीएचए वाढत नाही हे तपासलेलं आहे. जवस आईसाठी चांगलंच, पण ते डीएचएची जागा घेत नाही.

ताईंनी मला विचारलं, मॅडम गोळीने हुशार होईल ना? मी खरं तेच सांगितलं. बेळगावला ९५७ गरोदर बायांवर एक मोठी चाचणी झाली, निम्म्यांना रोज ४०० मिलीग्रॅम शेवाळाचं डीएचए बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत, निम्म्यांना नुसती खोटी गोळी, आणि बाळं वर्षाची झाल्यावर दोन्हीकडच्या विकासात फरक सापडला नाही. ऑस्ट्रेलियातही २०१० मध्ये तसंच निघालं होतं. ओमेगा-३ चा पक्का फायदा दिसतो तो वेगळ्या ठिकाणी, बाळ दिवस भरायच्या आधी जन्मायचं प्रमाण कमी होतं, विशेषतः चौतीस आठवड्यांच्या आत. आणि पूर्ण दिवसांचं बाळ म्हणजे मेंदूला पोटात मिळालेले ते शेवटचे आठवडे, ही काही लहान गोष्ट नाही. म्हणून घ्या, पण डब्यावरच्या फोटोसाठी नको.

माझ्या चार्टमध्ये आता पहिल्या ओळीत तेल नाही. दूध किती, कुणाच्या कपात, डेअरीला किती जातं, पायाला मुंग्या येतात का, तोंड येतं का, आणि शाकाहारी असेल तर बी-१२ ची तपासणी झाली का, हे आधी. तपासणीचे पैसे नसतील तर डॉक्टरांशी बोलून गोळी सुरू करायला लावते, तिचा खर्च त्या पावडरीच्या डब्याच्या मानाने काहीच नाही. दवाखान्यात येणाऱ्या आशाताईंनाही मी बोटांचे काळे पेर आणि न हसणारं गुबगुबीत बाळ ह्यांचे फोटो दाखवलेत, चेहरा झाकून, कारण वजनाच्या तक्त्यात असं बाळ हिरव्या पट्ट्यातच दिसतं आणि सुटून जातं.

मुलगी आता दोन वर्षं दोन महिन्यांची आहे. मान एका महिन्यात सावरली, अकराव्या महिन्यात आधाराशिवाय बसली, दीड वर्षाला चालली. बोलण्यात अजून मागे आहे, मागच्या आठवड्यात मोजले तर चौदा शब्द, त्यात दोन गाईंची नावं. उपचार उशिरा सुरू झाले की सगळंच भरून येतं असं नाही, हे ताईंना माहीत आहे आणि मलाही. स्पीच थेरपीसाठी महिन्यातून दोनदा सोलापूरला एसटीने जातात, मामा सोबत असतात, डब्यात दहीभात आणि जवसाची चटणी. पुढची तपासणी फेब्रुवारीत आहे, तेव्हा दोन शब्दांचं वाक्य बोलते का ते बघायचं.